पाण्याची परिषद जरूर करा, पण व्हॉल्व्हची चावी मागू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोंडा तालुक्यातली नऊ प्रभागांची पंचायत, साधारण चौदाशे नळजोडण्या. उतरणीवरच्या एकाच पट्ट्यात दर महिन्या-दीड महिन्याने जलवाहिनी फुटते, मार्चपासून टँकर सुरू होतात आणि विचारायला गेले की ‘वरच्या टेकडीवर नवी टाकी मंजूर आहे’ असे उत्तर मिळते. म्हणून पाइप, टाक्या, पंप या सगळ्यावर देखरेख ठेवणारी लोकपरिषद गावात नेमायचे चालले आहे. सदस्य किती घ्यावेत, अधिकार कोणते मागावेत, सोसायटी म्हणून नोंदणी करावी का आणि सुरुवात कुठून करावी, हे तुम्ही विचारले आहे.

सदस्यांकडे नंतर येतो. तुम्ही एवढे तपशिलात लिहिले आहे, पण त्यात फुटणाऱ्या पाइपचा व्यास नाही, तो कशाचा आहे ते नाही, कधी घातला ते नाही आणि तो दिवसा फुटतो की रात्री तेही नाही. यात तुमचा दोष नाही. बहुतेक गावांत ही माहिती एखाद्या जुन्या फिटरच्या डोक्यात असते आणि तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर घरी जाते. जमिनीखाली काय आहे हे लिहून ठेवलेले नसेल, तर परिषद नेमा नाहीतर आयोग नेमा, बैठकीत तक्रारीच होणार. ‘ॲसेट मॅनेजमेंट’ हा शब्द भारदस्त आहे, पण त्यात पाचच प्रश्न आहेत: कुठे काय आहे, ते किती जुने आहे, आज त्याची अवस्था कशी आहे, ते बंद पडले तर किती घरांचे पाणी जाते आणि ते बदलायला पैसा केव्हा व कुठून येणार. याची उत्तरे कागदावर आणणे आणि दरवर्षी ताजी करणे, हेच परिषदेचे मुख्य काम. बाकी सगळे त्यावर उभे राहते.

गोव्यात एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. पाणी समित्यांबद्दल मराठीत जे वाचायला मिळते ते बहुतेक महाराष्ट्रातले असते. तिथे अनेक गावांत नळयोजना ग्रामपंचायतीच्या ताब्यात असते. पंप, पट्टी, नळकामगार सगळे पंचायतीचे. आपल्याकडे तसे नाही. ओपा, अस्नोडा, साळावली, चांदेल, दाबोस अशा मोठ्या प्रादेशिक योजनांतून पाणी येते. शुद्धीकरण प्रकल्पापासून घराच्या मीटरपर्यंतची यंत्रणा पूर्वी साबांखाची (सार्वजनिक बांधकाम खात्याची) आणि आता पेयजल खात्याची. पंचायतीच्या नावावर त्यातला एक व्हॉल्व्हही नसतो. त्यामुळे महाराष्ट्रातल्या समितीची घटना उचलून इथे लावली की पहिल्याच बैठकीत प्रश्न येतो, ‘दुरुस्तीचा अधिकार आमचा ना?’ तो तुमचा नाही, आणि माझ्या मते तो मागूही नये. कारण पुढे सांगतो.

दुसऱ्या बाजूने, हातात काहीच नाही असेही नाही. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे द्यायच्या विषयांत पिण्याचे पाणी आहे. जलजीवन मिशनमध्ये ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित झालेले पहिले राज्य गोवा. ऑगस्ट २०२२ मध्ये ते जाहीर झाले, आणि त्यासाठी राज्यातल्या ३७८ महसुली गावांत ग्राम पाणी व स्वच्छता समिती नेमल्याची नोंद आहे. म्हणजे तुमच्या गावातही अशी समिती कागदावर असणार. पंचायत सचिवाकडे जाऊन तिचा ठराव आणि सदस्यांची यादी मागा. यादीतली दोन-तीन नावे ‘मी कधी सदस्य झालो?’ असे विचारतील, ते मनावर घेऊ नका. नवी संस्था जन्माला घालण्यापेक्षा ही समिती जागी करणे कितीतरी सोपे. मिशनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिच्यात १० ते १५ सदस्य असतात, निवडून आलेले पंच (पंचायत सदस्य) २५ टक्क्यांपर्यंत, निम्म्या महिला, आणि दुर्बल घटकांना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा. याच चौकटीत तुमची परिषद बसते. ग्रामसभेत समितीची पुनर्रचना करून घ्या आणि तिचे काम ‘पाणीपुरवठा मालमत्तांची नोंद व देखरेख’ असे ठरावात स्पष्ट लिहा. नाव लोकपरिषद ठेवायचे असेल तर खुशाल ठेवा.

आता सदस्य. १३ पुरतात. तीन पंच, बाकी दहा गावकरी. पण हे दहा जण प्रभागवार वाटू नका. पाणी प्रभाग ओळखत नाही, टाकी ओळखते. गावात कोणत्या टाकीवर कोणते वाडे आहेत ते आधी पाहा आणि प्रत्येक टाकीवरून एक माणूस शेवटच्या नळाचा, एक सर्वांत उंचावरच्या घराचा आणि एक टाकीजवळचा असा घ्या. टाकीजवळच्या माणसाला पाणी कधी कमी पडत नाही, म्हणून त्याला वगळायचा मोह होतो. पण टाकी रात्री ओसंडून वाहते हे त्यालाच ठाऊक असते. एखादा निवृत्त फिटर किंवा पंपचालक मिळाला तर त्याची जागा पक्की धरा. खात्याच्या उपविभागातला कनिष्ठ अभियंता कायम निमंत्रित असावा, मताधिकार नसावा. मत दिले की तो आपल्याच कामाचा परीक्षक होतो आणि त्याची अडचण होते. मुदत तीन वर्षांची, दरवर्षी एक तृतीयांश सदस्य बदलायचे, म्हणजे पंचायत निवडणुकीनंतर अख्खी परिषद एकदम बदलत नाही.

टँकरचा धंदा, पाइपलाइनची कंत्राटे, परवानाधारक प्लंबिंग किंवा बोअरचे पाणी विकणे यांपैकी काही स्वतःचे वा घरच्यांचे असेल, तर सदस्याने ते आधी लिहून द्यावे आणि त्या विषयावर बैठकीबाहेर बसावे. हा नियम घालताना वाईटपणा येतो, तरी घाला. गोव्याला यात नवे काही नाही. खाजनांचे (खाडीकाठच्या, बांधाने राखलेल्या शेतांचे) बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडणारे दार) सांभाळणारे भौस (शेतकऱ्यांचे संघ) हे अशाच देखरेखीचे जुने रूप: पावसाआधी बांधाची पाहणी, ठरलेली डागडुजी आणि मानशीवरच्या मासळीच्या पावणीतून (लिलावातून) येणारा पैसा. व्यवस्था चांगली होती. पण जिथे मासळीचे उत्पन्न भातापेक्षा मोठे झाले तिथे खारे पाणी मुद्दाम आत घेतले गेले आणि बांध खचले. देखरेख करणाऱ्याला बिघाडातून मिळकत व्हायला लागली की काय होते, ते कुठल्याही पडीक खाजनाच्या काठावर उभे राहून पाहता येते. टँकरचेही तेच.

तुमची कक्षा कुठून कुठवर, हेही ठरावात लिहा. गावच्या टाकीत पाणी शिरते तिथला मीटर ही हद्द धरा. मीटरपासून घरापर्यंतचे काम गावच्या परिषदेचे. त्याच्या वरचा भाग, म्हणजे नदी, प्रकल्प आणि मुख्य वाहिनी, एका गावाच्या आवाक्यातला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारजवळ रस्ता रुंदीकरणाच्या जागी माती खचून ओपाच्या मुख्य जलवाहिन्या फुटल्या आणि फोंडा व तिसवाडीत कित्येक दिवस नळ कोरडे राहिले. त्या वेळी कुठल्याही गावाने आपली नोंदवही कितीही चोख ठेवली असती तरी उपयोग नव्हता. तिथे प्रश्न वेगळे असतात: मुख्य वाहिनी कोणत्या खोदकामाजवळून जाते, ती गेली तर पर्यायी वाहिनी आहे का, आणि ती पर्यायी वाहिनी त्याच मातीत शेजारी घातलेली नाही ना. त्यासाठी योजनेच्या पातळीवर वेगळी परिषद लागते. तिच्यात त्या योजनेवरच्या पंचायती, नगरपालिका आणि पणजीसारखी महापालिका बसते, आणि ती शासन आदेशानेच होऊ शकते. चार-पाच गावांच्या नोंदवह्या दोन वर्षे नीट चालल्या की ती मागणी घेऊन आमदारांकडे जा. आधी गेलात तर ‘समिती नेमू’ एवढेच ऐकून परत याल.

नोंदवही कशी करायची? माहितीचा अधिकार हातात आहे, पण पहिला कागद तो नको. अर्ज आला की अभियंता सावध होतो आणि विचारले तेवढेच देतो. आधी उपविभागात बसा, नकाशा टेबलावर पसरा, फिटरला बोलवा. अर्ध्या दिवसात जे मिळते ते तीस दिवसांच्या उत्तरात मिळत नाही. मिळालेच नाही तर अर्ज करा, आणि ‘पाणीपुरवठ्याची सर्व माहिती’ असे लिहू नका. मागायचे ते नेमके: गेल्या तीन वर्षांची दुरुस्ती नोंद, तारीख, ठिकाण, व्यास आणि पाइपच्या प्रकारासह, वाहिन्यांचे नकाशे, टाक्यांची क्षमता, बांधकामाचे वर्ष आणि शेवटच्या सफाईची तारीख, पंपांची लॉगबुके आणि २४ महिन्यांची वीजबिले, टाकीवरच्या मीटरची वाचने. कायद्यात कागद पाहण्याबरोबर कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे नमुने घेण्याचाही हक्क आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

मग गावात चालत फिरा. फिटर, दोन सदस्य, एक मोबाइल, एक टेप, एक लोखंडी सळई. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक: टाकी टा-१, तिच्यावरचा पहिला व्हॉल्व्ह टा-१/व्ह-१, असा. प्रत्येकापुढे ठिकाण, व्यास मिलिमीटरमध्ये, प्रकार (बीड म्हणजे ओतीव लोखंड, डीआय म्हणजे न तडकणारे सुधारित बीड, जीआय म्हणजे जस्त चढवलेले लोखंड, पीव्हीसी आणि एचडीपीई ही प्लास्टिके, ॲस्बेस्टॉस सिमेंट), घातल्याचे अंदाजे वर्ष, खोली, आणि अवस्था १ ते ५. वर्ष अंदाजाने लिहिले असेल तर समोर ‘अं’ लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी तोच अंदाज पुरावा बनतो. व्हॉल्व्ह शोधताना सर्वांत जास्त वेळ जाईल. निम्म्या चेंबरमध्ये माती भरलेली असते, काही गटारात बुडालेले असतात आणि काही तर सरळ हॉटमिक्सखाली (रस्त्याच्या डांबराखाली) गाडलेले असतात. न सापडलेला व्हॉल्व्हही नोंदवहीत हवा, ‘असावा, सापडत नाही’ असा. कारण पाइप फुटला की तो शोधण्यातच दोन तास जातात आणि तो नसेल तर दोन वाड्यांऐवजी अर्ध्या गावाचे पाणी बंद करावे लागते.

नोंदवही पहिल्या वर्षी छान असते आणि तिसऱ्या वर्षी शिळी होते. ती जिवंत ठेवणारी एकच गोष्ट म्हणजे दुरुस्तीची चिठ्ठी. खड्डा बुजवण्याआधी ती भरायची: तारीख, वेळ, जागा, व्यास, प्रकार, खोली, फुटण्याचा आकार, काय बसवले, पाणी किती तास बंद होते, आणि टेप लावून काढलेला फोटो. फोटो महत्त्वाचा, कारण पाइप कसा फुटला यावरून का फुटला ते बरेचसे कळते. बिडाच्या किंवा ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पाइपला बांगडीसारखी आडवी चीर गेली असेल तर खालची माती सरकली आहे किंवा वरून जड वाहने जाताहेत. चीर पाइपच्या लांबीने उभी गेली असेल तर दाब, नाहीतर पाण्याचा दणका (वाहते पाणी एकदम अडले की बसणारा धक्का). जीआयला सुईच्या टोकाएवढी भोके म्हणजे गंज. पीव्हीसीचा सांधा सरळ निसटून बाहेर आला असेल तर जोडणी कच्ची होती किंवा वळणावर काँक्रीटचा ठोकळा दिलेला नाही. एचडीपीईचा सांधा सुरीने कापल्यासारखा गुळगुळीत सुटला तर तो वितळवून जोडताना पुरेसा तापलाच नव्हता. जमले तर कापलेला तुकडा चिठ्ठी बांधून ठेवा. अपवाद ॲस्बेस्टॉस सिमेंटचा: तो कोरडा कापू नये, ओला करूनच कापावा, आणि त्याचा तुकडा घरी किंवा पंचायतीत नेऊ नये. फोटो पुरे.

तुमच्या उतरणीच्या पट्ट्याकडे याच नजरेने पाहा. टाकीच्या पाण्याची पातळी आणि फुटण्याच्या जागेची उंची यांतला फरक काढा. दर १० मीटरला साधारण १ किलोचा दाब (दर चौरस सेंटिमीटरवर). फरक ७० मीटर असेल तर नळ बंद असताना, म्हणजे रात्री, खालच्या पाइपवर ७ किलो दाब येतो. तिथे ६ किलोचा पीव्हीसी असेल तर तो फुटणारच, कितीही वेळा जोडा. पाइप नेहमी पाणी सोडल्यानंतर तासाभरात फुटत असेल, तर उंच जागी एअर व्हॉल्व्ह (पाइपातली हवा बाहेर सोडणारा) नाही किंवा जाम आहे, आणि अडकलेली हवा पाण्याला दणका देते. वीज जाऊन परत आल्यावर फुटत असेल तर पंपाचा दणका. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये फुटत असेल तर उतारावरची माती सरकते आहे. सहा चिठ्ठ्यांवर वेळ लिहिलेली असेल तर यातले कोणते ते बसल्या जागी सांगता येईल. आणि आता ती मंजूर नवी टाकी. कारण दाबाचे निघाले आणि टाकी आणखी उंचावर बांधून तिचे पाणी याच जुन्या पाइपात सोडले, तर फुटणे वाढेल. उपाय असेल तो दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, नाहीतर मध्ये एक छोटी दाब तोडणारी टाकी, नाहीतर तो पट्टा जास्त दाबाच्या पाइपने बदलणे. शिवाय टाकी पाणी निर्माण करत नाही. वरून येणारे पाणी तेवढेच राहिले तर नवी टाकी रिकामीच दिसेल.

मार्चमधल्या टँकरचे उत्तर कदाचित गळतीत आहे. ते पाहायला महागडे यंत्र लागत नाही. गोल टाकी घ्या, आतला व्यास १० मीटर. तिचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस मीटर, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की ७८५ लिटर गेले. रात्री एक ते चार, टाकीत येणारे पाणी बंद, जाणारे चालू. समजा तीन तासांत पातळी १८ सेंटिमीटर उतरली: १४,१३० लिटर, तासाला सुमारे ४,७००. त्या टाकीवर ४०० जोडण्या असतील आणि रात्रीच्या खऱ्या वापरासाठी जोडणीमागे तासाला ३ लिटर सढळ हाताने धरले तर १,२०० लिटर. उरलेले साडेतीन हजार लिटर दर तासाला कुठेतरी जमिनीत जाताहेत. दिवसा दाब कमी असतो म्हणून २४ ऐवजी २० तास धरा: ७० हजार लिटर. दहा हजार लिटरचे सात टँकर, रोज.

यात दोन ठिकाणी फसगत होते. एक, घरांवरच्या टाक्या. गावात पाणी दोन तासच येत असेल तर लोकांच्या टाक्या रात्री भरत राहतात आणि तुम्ही तिला गळती समजता. म्हणून चाचणीआधी एक-दोन दिवस पुरवठा सलग द्यायला लावा, टाक्या भरू द्या. दोन, टाकी स्वतःच गळकी असणे. ते ओळखायला दुसऱ्या रात्री जाणारे पाणीही बंद करून पातळी पाहा. तरीही उतरली तर टाकीला भेग आहे, तळाचा धुवायचा व्हॉल्व्ह गळतो आहे, किंवा जो बंद केला तो व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. पातळी टेपने मोजा, टाकीवरच्या पातळी दाखवणाऱ्या पट्टीवर विसंबू नका. तिचा दोर अडकलेला असतो. आणि व्हॉल्व्ह फिरवेल तो खात्याचाच माणूस.

इथे चावीचा मुद्दा येतो. परिषदेच्या हाती व्हॉल्व्हची चावी आली की महिन्याभरात ती पाणी वाटणारी टोळी होते. चवथीला (गणेश चतुर्थीला), लग्नाला, जत्रेला ‘आमच्या वाड्यावर जरा जास्त सोड’ असे फोन येऊ लागतात. तांत्रिक बाजूही आहे. व्हॉल्व्ह झटकन बंद केला की पाइपात दणका बसतो. जुना व्हॉल्व्ह जोर लावून फिरवला की आतला दांडा तुटतो आणि तो अर्धवट बंद राहतो, जे बाहेरून दिसत नाही. फुटले तर जबाबदार कोण? चावी खात्याकडेच राहू दे. परिषदेने एवढेच मागावे की प्रत्येक व्हॉल्व्ह वर्षातून दोनदा पूर्ण बंद-चालू करून पाहिला जावा आणि किती फेऱ्यांत बसला ते नोंदवहीत लिहिले जावे. गेल्या वेळी २२ फेऱ्या आणि यंदा १४ लागल्या, तर तो खाली बसत नाही.

पंपाचे एकच गणित सांगतो, कारण त्यावर बैठकीत कोणी बोलत नाही आणि पैसा मात्र तिथेच जातो. १,००० लिटर पाणी ४० मीटर चढवायला कुठलाही तोटा नसताना ०.११ युनिट वीज लागते. पंप व मोटर मिळून कार्यक्षमता ६० टक्के धरली तर ०.१८. वीजबिलातली युनिटे आणि मीटरवरचे पाणी यांचा दरमहा भागाकार करा. आकडा ०.१८ वरून ०.२५ ला गेला तर पंपाचा पंखा झिजला आहे, मधला व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे, किंवा चढत्या वाहिनीत गळती आहे. मीटरच बंद असेल, आणि बहुधा असेलच, तर परिषदेची पहिली मागणी तोच दुरुस्त करण्याची असू द्या.

नोंदी हातात आल्या की प्राधान्यक्रम. प्रत्येक वस्तूला दोन आकडे: बिघडण्याची शक्यता १ ते ५ आणि बिघडल्यास होणारा परिणाम १ ते ५. गुणाकार करा. आठ घरांची गंजलेली जीआय लाइन ५ गुणिले १, म्हणजे ५. दवाखाना, शाळा आणि तीन वाडे ज्या एकाच वाहिनीवर आहेत ती फक्त मध्यम खराब असली तरी ३ गुणिले ५, म्हणजे १५. ओरडा आठ घरांचा जास्त असतो. बैठकीत हा तक्ता समोर असेल तर निदान भांडण आकड्यांवर होते. आणखी एक हिशेब दरवर्षी फळ्यावर लिहा. समजा गावात एकूण १८ किलोमीटर वाहिनी आहे आणि पाइपचे सरासरी आयुष्य ४५ वर्षे धरले, तर दरवर्षी ४०० मीटर बदलायलाच हवेत. खाते १०० मीटर बदलत असेल तर शेवटच्या पाइपची पाळी १८० वर्षांनी येईल.

मागणी कधी करायची, यावर निम्मे यश. राज्याचा अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो, म्हणून तुमचा तक्ता नोव्हेंबरआधी कार्यकारी अभियंत्याकडे पोहोचला पाहिजे. ऑक्टोबरमध्ये पाऊस सरला की हॉटमिक्सची कामे सुरू होतात. त्या महिन्यात रस्ते विभागाकडून गावातल्या हॉटमिक्सची यादी घ्या आणि आपल्या तक्त्याशेजारी ठेवा. जिथे रस्ता होणार आणि खालचा पाइप १२ च्या वर गुणांचा आहे, तिथे आधी पाइप, मग रस्ता, असे दोन्ही विभागांना एकाच पत्रात लिहा. चेंबरची झाकणे रस्त्याच्या नव्या पातळीपर्यंत उचलायची अटही त्याच पत्रात घाला. नवा रस्ता जानेवारीत आणि त्यावरचा चर मार्चमध्ये, हे दृश्य फक्त या एका पत्राने टळते. एप्रिल-मेमध्ये टाक्यांची सफाई, गटारातून जाणाऱ्या वाहिन्यांची पाहणी, आणि पावसात दर आठवड्याला शेवटच्या नळावर क्लोरीन. ते लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ नये. हे काम तपासणी संच हाताळायला शिकलेल्या महिला सदस्यांकडे द्या. त्या तारीख चुकवत नाहीत.

अधिकारांबद्दल. ‘कामे मंजूर वा नामंजूर करण्याचा अधिकार’ मागाल तर फाइल वर जाऊन तिथेच राहील. एकच अट लेखी मिळवा: परिषदेच्या प्रत्येक शिफारशीवर खात्याने तीस दिवसांत ‘मान्य’, ‘अमान्य, कारण हे’ किंवा ‘पुढे, अमुक तारखेला’ असे तीनपैकी एक उत्तर द्यावे आणि ते ग्रामसभेत वाचले जावे. सुरुवातीला हे कार्यकारी अभियंत्याच्या साध्या पत्रानेही होते. अमान्य करायला हरकत नाही, पण कारण लिहावे लागते. आणि कारण लिहायला बसले की पुष्कळ गोष्टी मान्य होतात. गोवा पंचायत राज कायदा, १९९४ मध्ये देखरेख समित्यांची सोय आहे, त्यामुळे ग्रामसभेच्या ठरावाला पाया आहे. तुम्ही नगरपालिका क्षेत्रात असता तर हे सगळे वेगळे लिहावे लागले असते.

नकाशे सगळे उघड करावेत का, यावर खाते कुरकुरेल आणि त्यात तथ्य आहे. तक्ता, चाचण्यांचे आकडे आणि उत्तरे पंचायतीच्या फळ्यावर लावा. मुख्य वाहिन्यांचे नेमके नकाशे कार्यालयात बघायला मिळाले तरी पुरे.

सोसायटी म्हणून नोंदणी आत्ता नको. नोंदणी केली की तुम्ही बाहेरची संस्था ठरता. खात्याला तुम्हाला उत्तर देण्याचे बंधन राहत नाही आणि वर दरवर्षीचे हिशेब, अहवाल, पदाधिकाऱ्यांच्या निवडणुका मागे लागतात. परिषदेला पैसा लागतो तो छपाई, टेप, दाबमापक आणि तपासणी संचाच्या बाटल्या एवढ्याचाच. तो पंचायतीने द्यावा. दुरुस्तीचा पैसा परिषदेच्या हातून जाऊ देऊ नका, एक रुपयाही.

सुरुवात येत्या ग्रामसभेत ठरावाने करा, लगेच दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या सुरू करा, कारण त्यांना कोणाची परवानगी लागत नाही. फक्त फिटरशी गोड बोलावे लागते. टाकीची रात्रीची चाचणी मात्र चवथीच्या आठवड्यात घेऊ नका. मुंबई-पुण्याहून माणसे आलेली असतात, रात्रभर भजने-आरत्या आणि स्वयंपाकघरे चालू असतात; जोडणीमागे तासाला ३ लिटरचा हिशेब त्या दिवसांत कुठल्याच घराला लागू पडत नाही.